चढलेला रंग उतरवताना

लग्न तोंडावर आलंय आणि घरी लावलेल्या डायने केस तपकिरीऐवजी काळेकुट्ट झालेत! अशा वेळी वरून फिकट शेड थापण्यात अर्थ नाही. नवा डाय जुन्या डायला उजळत नाही.

डायमधल्या अमोनियाने केसाचे बाहेरचे खवले उघडतात. पीपीडी या डायमधल्या रसायनासारखे चिमुकले रेणू आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन एवढे मोठे होतात, की आतच अडकतात. कलर रिमूव्हरमधली गंधकयुक्त संयुगं हे रेणू पुन्हा लहान व रंगहीन करतात. मग केस धुवायचे, अगदी कंटाळा येईपर्यंत. रेणू आत राहिले तर हवेतला ऑक्सिजन त्यांना पुन्हा जुळवतो आणि केस परत काळवंडतात. पेरॉक्साइडने उडालेला नैसर्गिक रंग मात्र परत येत नाही; खालून डोकावणारी नारिंगी छटा निळ्या शाम्पूने थोडी दबते.

मेंदीपुढे मात्र रिमूव्हर हात टेकतो, कारण तिच्यातला लॉसोन थेट केराटिनला चिकटतो. आणि पाकिटातली ‘काळी मेंदी’? तिच्यात अनेकदा पीपीडीच असतं. त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून कानामागे खाज, पुरळ किंवा सूज दिसली, तर शेडचं नंतर बघा. आधी डॉक्टर गाठा.