शनिवारची शिफ्ट

ऑफिसात सीएसआरचा मेल आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : टी-शर्ट कुठल्या रंगाचा? एक शनिवार, एक बस, एक वस्ती, दोनशे फोटो. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढायला लावले, ते बरंच झालं. त्या फोटोंत मीही आहे, छान हसतेय.

यंदाचा मेल आला तेव्हा मी सोलापुरात होते, शुक्रवार पेठेत आईकडे. समोर कडक भाकरी, शेंगाचटणी. आणि एकदम शाळा आठवली. कॉन्व्हेंट, फक्त मुलींची. कपाळाला सिद्धेश्वराचा अंगारा लावून मी येशूची प्रार्थना म्हणायचे, घरात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. शनिवारी शाळा सुटली की चॅपलमध्ये पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग पूर्व भागात, विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी. माझ्या वाट्याला एक मावशी होत्या. त्यांच्या मुलाची भिवंडीहून येणारी पत्रं मी वाचून दाखवायचे.

"सिस्टर, एकाच घरी किती वेळा जायचं?" एकदा वैतागून विचारलं. त्यांनी उत्तर द्यायचं सोडून एण्टालीची गोष्ट सांगितली.

कोलकात्यातल्या एण्टालीत लोरेटो सिस्टर्सची सेंट मेरीज ही मुलींची शाळा. १९३१ पासून तिथे इतिहास-भूगोल शिकवायच्या सिस्टर तेरेसा, १९४४ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. (होय, त्याच. नोबेल खूप नंतर, १९७९ मध्ये.) भिंतीपलीकडे मोतीझीलची झोपडपट्टी. शाळेत मुलींचा 'सोडॅलिटी' नावाचा गट होता. आधी प्रार्थना, मग शनिवारी बाहेर. काहीजणी मोतीझीलला, काहीजणी तेव्हाच्या कॅम्पबेल, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार हॉस्पिटलात. मार्गदर्शक फादर ज्युलियन हेन्री. लोरेटोच्या सिस्टर्सना कॉन्व्हेंटबाहेर पडायला बंधनं होती. गंमत बघा, बाई आत आणि पोरी बाहेर!

१७ ऑगस्ट १९४८ ला निळ्या काठाची पांढरी साडी नेसून तेरेसा शाळेतून निघाल्या. ना संस्था, ना बजेट. डिसेंबरात मोतीझीलमध्येच जमिनीवर काडीनं अक्षरं काढत वर्ग सुरू केला. १९ मार्च १९४९ ला पहिली मुलगी दाखल झाली, सुभाषिनी दास. त्यांचीच विद्यार्थिनी, पुढे सिस्टर अ‍ॅग्नेस. मॅग्दालेना गोम्सही त्यांचीच, ती डॉक्टर झाली. ७ ऑक्टोबर १९५० ला मिशनरीज ऑफ चॅरिटीला मान्यता मिळाली, तेव्हा पहिल्या फळीत बहुतेक याच शाळेच्या मुली होत्या.

मदर तेरेसांवर टीका बरीच झाली, त्यांच्या केंद्रांतल्या उपचारांवर तर जास्तच, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पण मला इंटरेस्ट आहे त्या पोरींमध्ये. मोतीझील त्यांच्यासाठी 'व्हिजिट' नव्हती, रोजच्या ओळखीची गल्ली होती. म्हणूनच बाईंमागे जाताना त्यांना काय सोडतोय नि कुठे चाललोय, दोन्ही ठाऊक होतं.

मी मात्र दहावीनंतर मावशींकडे गेलेच नाही. बारावी, इंजिनिअरिंग, पुणे. सांगूनही आले नव्हते.

लॅपटॉप मिटला, आईची स्कूटी काढली. मावशी उंबऱ्याजवळ, मांडीवर सूप घेऊन. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे हात थांबला नाही.

"कोण गं?"

"मी, मावशी. शनिवारवाली."

"लई दिवस लावलीस की!" जरा वेळानं म्हणाल्या, "आता पत्र येत नाही. नात मोबाइलवर वाचते."

मग माझं काय काम? त्यांनी कात्री पुढे केली, पानं कापायला. माझी पहिली पाच पानं त्यांनी न बोलता बाजूला टाकली.