युद्धक्रीडेतील लघुप्रतिमा आणि त्यांची तीन प्रमाणे

इतिहासातील एखादी लढाई मेजावर मांडावयाची, दोन्ही बाजूंच्या सेना लहान लहान प्रतिमांनी उभ्या करावयाच्या, आणि ठरलेल्या नियमांनुसार फासे टाकून ती पुन्हा लढावयाची, अशा स्वरूपाची युद्धक्रीडा युरोप-अमेरिकेत आज चांगली रुजली आहे. तिच्यासाठी प्रतिमांचा संग्रह करणे हा वरवर पाहता खेळणी जमविण्याचाच एक प्रकार वाटतो. परंतु प्रत्येक संग्रहात भूतकाळाविषयी काही विधाने गर्भित असतात, आणि ती कोणत्या प्रमाणावर केलेली आहेत हे जाणल्यावाचून त्यांचा खरेखोटेपणा तपासता येत नाही.

या प्रतिमांचा इतिहास थोडक्यात असा. अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग येथे कथिलाचे चपटे शिपाई ओतले जाऊ लागले. तेथेच १८३९ साली स्थापन झालेल्या हाइनरिक्सेन यांच्या कारखान्याने ३० मि.मी. उंचीचे माप रूढ केले. १८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची रीत काढली. साच्यात ओतलेल्या धातूचे बाहेरचे कवच थिजताच आतील वितळलेला धातू ओतून काढावयाचा, म्हणजे धातू थोडा लागतो व शिपाई स्वस्त पडतो. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकातील खेळ अशाच शिपायांचा होता. पुढे १९६२ साली डोनल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' निघाले आणि मुलांच्या खेळण्यातून प्रौढांचा अभ्यासपूर्ण छंद वेगळा झाला.

महाराष्ट्रातील मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तेव्हा सिंहासनावरील शिवाजी महाराज तटावरील मावळ्याहून मोठे असले तरी कोणास खटकत नाही. तेथे आकार हा मानाचा निदर्शक असतो. युद्धक्रीडेत तसे चालत नाही. तेथे एकाच मेजावर तीन प्रमाणे एकाच वेळी वावरत असतात : प्रतिमेच्या उंचीचे ते आकारप्रमाण, एक प्रतिमा किती माणसांच्या जागी उभी आहे हे सांगणारे ते संख्याप्रमाण, आणि मेजावरील अंतर म्हणजे प्रत्यक्षात किती अंतर हे सांगणारे ते भूप्रमाण.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. नेपोलियनच्या काळातील ६०० शिपायांची एक ब्रिटिश पलटण दोन रांगांत उभी आहे असे समजू. प्रत्येक शिपायास सुमारे ५५ सें.मी. जागा धरल्यास तिची आघाडी १६५ मीटर भरते. एका प्रतिमेस वीस माणसे हे संख्याप्रमाण घेतले तर पलटणीस ३० प्रतिमा लागतात. त्या पंधरा-पंधराच्या दोन रांगांत, प्रत्येकी १५ मि.मी. रुंदीच्या बैठकीवर उभ्या केल्या की मेजावरील आघाडी २२५ मि.मी. होते. म्हणजे भूप्रमाण सुमारे १ : ७३० झाले. परंतु पायापासून डोळ्यांपर्यंत २८ मि.मी. भरणाऱ्या प्रतिमेचे आकारप्रमाण १ : ५७ च्या आसपास असते. शिपाई आपल्या भूमीच्या मानाने जवळजवळ तेरा पट मोठा ठरतो.

याचे परिणाम ठिकठिकाणी जाणवतात. शंभर यार्डांवरील गोळीबाराचे अंतर मेजावर केवळ साडेबारा सें.मी. उरते, म्हणजे चार-साडेचार शिपायांच्या उंचीइतके. शिपायाला शोभेल असे दहा मीटर रुंदीचे घर मांडावे, तर ते भूमीवर १२८ मीटर जागा अडवते. पलटणीची खोली प्रत्यक्षात दोन-अडीच मीटर असते. बैठकांमुळे ती मेजावर वीस मीटरांहून अधिक दिसते. आघाडी खरी ठेवली की खोली खोटी होते, या अडचणीतून सुटका नाही. प्रशियातील राइस्वित्झ यांनी १८२४ साली अधिकाऱ्यांसाठी सिद्ध केलेल्या युद्धक्रीडेत १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर साधे ठोकळे सरकविले जात, ते यामुळे अधिक प्रामाणिक होते. मात्र ठोकळ्यात माणूस दिसत नाही, आणि प्रतिमेचे आकर्षण नेमके तेच आहे.

म्हणून विचारी संग्राहक खरेदीपूर्वी संख्याप्रमाण ठरवितो व मगच प्रतिमा मोजतो. एकच माप सांगणाऱ्या दोन कारखान्यांच्या प्रतिमाही शेजारी ठेवून पाहाव्या लागतात, कारण कोणी डोळ्यांपर्यंत मोजतो, तर कोणी टोपीच्या टोकापर्यंत. पोशाखाचीही तीच गोष्ट. १८०९ च्या तालाव्हेरा येथील ब्रिटिश शिपायाची टोपी सरळ नळकांड्यासारखी होती. पुढील बाजू उंच असलेली टोपी १८१२ च्या सुमारास आली. ती घातलेला शिपाई तालाव्हेराच्या मेजावर उभा करणे म्हणजे तारखेची चूक करणे होय.

प्रतिमांच्या मांडणीस साक्षीचे मूल्य कसे येते, याचे ठळक उदाहरण म्हणजे विल्यम सायबोर्न यांची वॉटर्लूची प्रतिकृती. १८३० साली हे काम हाती आल्यावर त्यांनी रणभूमीची स्वतः मोजणी केली आणि लढलेल्या अधिकाऱ्यांस पत्रे पाठवून त्यांच्या तुकड्यांची स्थाने विचारली. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रदर्शनास ठेवली गेली. तीत सुमारे ७५,००० आकृत्या होत्या, तरीही त्या दिवशी रणांगणावर आलेल्या माणसांच्या निम्म्याहून त्या कमीच. प्रशियन तुकड्या कोठे दाखवाव्या यावरून वाद झाला, कारण विजयाचे श्रेय किती कोणास द्यावे, हा प्रश्न त्या इवल्याशा शिपायांच्या जागेवर अवलंबून होता. आज ही प्रतिकृती लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे. अधिकाऱ्यांच्या उत्तरांपैकी पुष्कळशी १८९१ साली त्यांच्या पुत्राने छापली. प्रतिकृतीसाठी मागविलेली ही पत्रे आज अभ्यासकांस स्वतंत्र साधन म्हणून उपयोगी पडतात.

यावरून संग्राहकासाठी एक साधा नियम निघतो : सेनेबरोबर तिचे संख्याप्रमाण, भूप्रमाण आणि वर्ष यांची नोंद ठेवावी. ती नसेल तर तीस शिपाई हे केवळ तीस शिपाई राहतात. आणि ती असेल, तर फाशाचे दान पडून मेजावरून एक शिपाई उचलला जातो तेव्हा वीस माणसे गेली, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात राहते. त्यांतील मेले किती, जखमी किती आणि पळाले किती, हे मात्र कोणतेही प्रमाण सांगू शकत नाही.