पिशवी काढण्याआधी

ओटीपोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली आणि गर्भाशयाची पिशवी काढून परतली, हे बीड जिल्ह्यात इतक्या वेळा घडलं की २०१९ मध्ये राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. दुखण्याचं मूळच काढावं असं त्यांना वाटलं, यात नवल नाही. पण दुखणं पिशवीचंच आहे, हे तपासलं कोणी?

गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय असतं, मागे आतडं, दोन्ही अंगांना गर्भनलिका आणि बीजांडकोश. ओटीपोटातली कळ यातल्या कशाचीही असू शकते. लघवीला जळजळ होत असेल तर आधी लघवी तपासावी. बद्धकोष्ठानेही ओटीपोट दुखतं. अंगावरून वास येणारं पांढरं जातंय, ताप आहे, संबंधाच्या वेळी दुखतंय, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. तो वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. अनेकदा नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. क्षयाचे जंतूही गर्भनलिकांत ठाण मांडतात. मूल राहत नाही म्हणून तपासण्या होतात, तेव्हा कुठे ते कळतं.

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांतल्या कळा बहुतेकींना ठाऊक असतात. प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे गर्भाशय आवळतं, म्हणून त्या येतात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी कळा सुरू होताच घेतली तर जास्त लागू पडते. मात्र दर महिन्याला दुखणं वाढत चाललंय, गोळी पुरत नाही, शाळा किंवा काम बुडतंय, शौचालाही दुखतंय, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर, बीजांडकोशावर किंवा आतड्यावर वाढतो. जगात पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो. तरी निदानाला वर्षं जातात. साधी सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते, आणि ‘लग्न झालं की थांबेल’ म्हणणाऱ्या घरोघरी असतात. शिवाय नुसती पिशवी काढली आणि बाहेरचा थर तसाच राहिला, तर दुखणंही राहू शकतं.

मोठ्या फायब्रॉइडच्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग अशा वेळी शस्त्रक्रिया योग्यच ठरते. पण सोबत बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणून ‘काढून टाकू’ ऐकल्यावर निदान काय, दुसरा उपाय आहे का, बीजांडकोश राहणार का, हे विचारा. रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

मात्र पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ आली, भोवळ आली किंवा खांदा दुखू लागला, तर गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो. अचानक असह्य कळ आणि उलट्या हे बीजांडकोशाला पीळ पडल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.