क्रँक जागेवरच घासणारी हत्यारे

चालता-फिरता रोगी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातो. अंथरुणाला खिळलेल्याकडे डॉक्टरलाच बॅग घेऊन जावे लागते. इंजिनांचेही तसेच आहे. क्रँकशाफ्ट झिजला की मोटारीचे इंजिन उतरवून तो ग्राइंडिंगच्या कारखान्यात पाठवता येतो. जहाजाचे काय करणार?

क्रँकशाफ्टचे काम सोपे, पण हाल फार. पिस्टनची वरखाली चाल तो गोल फिरण्यात बदलतो. प्रत्येक धक्का कनेक्टिंग रॉडमार्फत त्याच्या पिनवर येतो, आणि तोही बहुतेक एकाच बाजूला. त्यामुळे पिन सगळीकडून सारखी झिजत नाही, ती अंडाकृती होते. मग तेलाचा दाब उतरतो, इंजिन आतून ठोकू लागते. मेकॅनिक लगेच म्हणतो, "बेअरिंग गेलं."

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची 'पद्मिनी' 2023 च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण तिच्या इंजिनावर हात बसलेले कारागीर उपनगरांत पुष्कळ आहेत. चेन-पुलीने इंजिन उचलायचे, क्रँक काढायचा, मायक्रोमीटर लावायचा. मग 'दहा'चा कट की 'वीस'चा, हे ठरते. दहा म्हणजे दहा थाऊ, इंचाचे दहा हजारांश. तेवढी पिन बारीक करायची आणि त्या मापाचे जाड बेअरिंग बसवायचे. असे कट मोजकेच घेता येतात. दहाने भागत असताना वीस घेतला, तर इंजिनाचे एक आयुष्यच वाया जाते, आणि ते मालकाच्या खिशातून.

जहाजाच्या मोठ्या डिझेल इंजिनाचा क्रँक मात्र अनेक टनांचा असतो. जगातल्या सर्वांत मोठ्या इंजिनांत तो 300 टनांपर्यंत जातो. तो बाहेर काढायचा तर डेक कापावे लागते, इंजिन सुटे करावे लागते. दिवस जातात आणि गोदीत उभ्या जहाजाचे भाडे चढत राहते. म्हणून लेथच क्रँकपाशी न्यायचा, ही युक्ती निघाली. वाफेच्या जमान्यातच रेल्वे कारखान्यांसाठी अशी उचलून नेता येणारी हत्यारे तयार होत. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची अंडरवुड कंपनी त्यासाठी नावाजलेली होती.

हत्याराची घडण बघण्यासारखी आहे. दोन अर्ध्या भागांत उघडणारे कडे. क्रँककेसच्या दारातून ते आत न्यायचे, कनेक्टिंग रॉड सोडवून पिनभोवती बसवायचे, बोल्ट आवळायचे. पिन स्थिर राहते. कड्यावरचे पाते तिच्याभोवती फिरते. फिरवायला हाताचा दांडा किंवा हवेवर चालणारी मोटर. त्याआधी पिनवरचे तेलाचे भोक बुजवायचे, नाहीतर धातूचा चुरा आत शिरून पुढे नव्या बेअरिंगलाच खातो. शेवटी पॉलिश.

खरा पेच वेगळाच. कारखान्यातल्या मशीनला स्वतःचा केंद्रबिंदू असतो. इथे मशीन टेकते ते झिजलेल्या पिनवरच! वाकड्याला आधार धरून सरळ काढायचे. म्हणून जाणकार कारागीर पिनच्या दोन्ही टोकांना, जिथे बेअरिंग टेकत नाही आणि झीज नसते, तिथला मूळ गोलावा शोधतो. त्यावर कडे बसवून डायल गेजने चारी बाजू तपासतो. हे नीट जमले नाही तर पिन चकचकीत होते, पण केंद्रापासून सरकलेली असते. कोपऱ्यातली गोलाई तीक्ष्ण झाली, तर पुढे तडा तिथूनच जाण्याची भीती. माझ्या मते अशा कामाला 'जुगाड' म्हणणे हा त्या हातांचा अपमान आहे.

1920 ते 1940 च्या दशकांत अमेरिकन गॅरेजांनी मोटारींसाठीही याची छोटी आवृत्ती वापरली. गाडीखाली आडवे व्हायचे, ऑइलचेंबर उतरवायचा आणि एकेक पिन घासायची. इंजिन काढण्याची मजुरी वाचे. मात्र मुख्य जर्नल त्यातून सुटत, आणि तेही झिजले असले की सारी मेहनत अर्धवटच.

जहाजांवर आणि वीजनिर्मितीच्या मोठ्या जनरेटरांवर ही पद्धत आजही चालू आहे. आता पात्याऐवजी बहुधा सहाण फिरते. घासल्यावर चुंबकीय पद्धतीने तडे शोधतात, पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतात. पिन फार तापून मऊ पडली असेल तर नुसते माप जुळून उपयोग नसतो. जुन्या हत्याराचे ते बिडाचे कडे मात्र एखाद्या भंगाराच्या ढिगात दिसले, तर काट्यावर त्याचा भाव वजनावरच ठरतो.