दात जबड्यातच राहू द्या

लॅबमधल्या माझ्या कप्प्यात एक पुठ्ठ्याचा खोका आहे. त्यात गाय-म्हैस कुळातल्या एका प्राचीन जनावराचा खालचा जबडा आहे, डावी बाजू. जबड्यात एकच दाढ आहे. शेजारी तीन छोट्या पिशव्यांमध्ये तीन सुट्या दाढा, आणि तिन्हींच्या लेबलवर एकच शब्द: ‘शक्यतो’. म्हणजे शक्यतो याच जबड्यातली. हा ‘शक्यतो’ माझ्या घाईमुळे आला.

पीएचडीचं पहिलं वर्ष होतं. गोदावरीच्या खोऱ्यात एका ओढ्याच्या कापलेल्या काठावर हा जबडा दिसला. त्यात तीन दाढा ओळीने बसलेल्या होत्या. हातभर अंतरावर तसलीच एक सुटी दाढ पडली होती. आनंदाच्या भरात मी एक फोटो काढला, तोही थोडा हललेला, आणि जबडा उकरून बाहेर घेतला. ऊन कडक होतं. माती नीट निघावी म्हणून मी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. खोबणीतली माती आधी फुगली, मग विरघळली, आणि दोन दाढा मुळांपाशी तुटून माझ्या तळहातावर आल्या. मी त्या सुट्या दाढेच्याच पिशवीत टाकल्या. संध्याकाळी पिशवी उघडली तेव्हा तीन दाढा होत्या, तिन्हींची मुळं तुटलेली, आणि जबड्यातल्या कोणत्या दोन हे मला सांगता येईना.

शेवटची दाढ जबड्यातच राहिली होती, त्यामुळे तिची ओळख पक्की. गाय-म्हैस-बकरी यांच्या खालच्या तिसऱ्या दाढेला मागे एक जास्तीचा कप्पा असतो, ती चुकत नाही. पण पहिली आणि दुसरी दाढ सुटी हातात आली की भल्याभल्यांची फसगत होते. माझ्या गाईडनी खोका बघितला आणि एवढंच विचारलं, “पाणी का घातलंस?”

या लेखात मी त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. तुमच्यापैकी जे पुराजीवशास्त्रात किंवा पुरातत्त्वातल्या हाडांच्या अभ्यासात शिरणार आहेत, त्यांना ते फील्डवर जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

दाताला कोण धरून ठेवतं?

याचं उत्तर मला लालबागच्या आमच्या स्वयंपाकघरात मिळालं. मटणवाल्याकडून बोकडाची मुंडी आणली. आईने एक जुनं पातेलं दिलं आणि ते परत घेणार नाही हेही सांगितलं. मंद आचेवर काही तास शिजवून मांस सोडवलं. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी वेगळे झाले. पुढचे आठही दात बोट लावताच निघाले. (बकरीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती टणक गादी असते.) गालाकडच्या दाढा मात्र किंचित हलत होत्या, पण निघाल्या नाहीत.

सस्तन प्राण्यांचा दात हाडाला चिकटलेला नसतो. तो खोबणीत बसलेला असतो, आणि मुळाभोवती मऊ तंतूंचं एक अस्तर त्याला हाडाशी बांधून ठेवतं. जनावर मेलं की ते अस्तर कुजतं. मग उरतो फक्त आकार. पुढच्या दातांना एकच सरळ मूळ असतं, ते खिळ्यासारखे निघून येतात. दाढांना एकाहून जास्त, थोडी फाकलेली मुळं असतात, म्हणून त्या अडकून राहतात. नदीच्या गाळातल्या जबड्यांमध्ये दाढा असतात आणि पुढे रिकामी भोकं दिसतात, त्याचं मोठं कारण हेच.

मुशीचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. बाजारात कोळणीकडे मुशीचं तोंड उघडून बघा, दातांच्या रांगा मागून पुढे येताना दिसतात. त्यांचा जबडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही, आणि दात आयुष्यभर गळत राहतात. म्हणून शार्कचे सुटे दात जगभर ढिगाने मिळतात आणि जबडे क्वचित. संग्रहालयांत दिसणारे महाकाय शार्कचे जबडे हे खऱ्या किंवा साच्यातल्या दातांभोवती उभी केलेली प्रतिकृती असते.

आता जीवाश्माकडे येऊ. अस्तर कुजल्यावर खोबणीत जी फट राहते, तिच्यात बारीक गाळ शिरतो. हाड नंतर तडकतं, दबतं. लाखो वर्षांनी तुम्ही जबडा उचलता तेव्हा दात हाडाने धरलेला नसतो, त्या गाळाने धरलेला असतो. आपण ज्याला ‘माती’ म्हणून धुवायला निघतो तीच दाताची शेवटची पकड असते. पाणी का घातलंस, या प्रश्नामागे हे सगळं होतं.

सुट्या दातावर किती भरवसा?

सुटा दात म्हणजे कचरा नव्हे. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, त्यामुळे पुष्कळदा दातच मागे उरतो. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळातून पोतीच्या पोती माती आणून, चाळणीतून धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडला जातो. हैदराबादजवळच्या नस्कलहून अशाच सुट्या दातांवरून प्रसाद आणि साहनी यांनी १९८८ मध्ये डेक्कनोलेस्टिस या छोट्या सस्तन प्राण्याची नोंद केली.

पण सुट्या दातांची अडचण बघायची असेल तर बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक घ्या. तिथून आणि दख्खनमधल्या इतर काही ठिकाणांहून गोंडवानाथेरियन गटातल्या प्राण्याचे दात मिळाले. २००७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी असल्या दातांना नावं दिली. एकाने भारतथेरियम, दुसऱ्याने दक्षिणा. आज दोन्ही एकच प्राणी मानला जातो आणि आधीचं म्हणून भारतथेरियम हे नाव चालतं. चूक कोणाची नव्हती. उंच शिरोभागाचा दात झिजत गेला की त्याचा माथा दर टप्प्यावर वेगळा दिसतो, आणि तो ओळीत कितवा हे सांगणारं हाड सोबत नव्हतं. एका जबड्यात चार दात ओळीने मिळाले असते तर बराच वाद वाचला असता.

याउलट उदाहरण मुंबईतलंच आहे. वरळीच्या परिसरात लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आणि १९३० मध्ये नोबल यांनी त्यांना इंडोबॅट्राकस हे नाव दिलं. सहा कोटी वर्षांहून जुने हे बेडूक, पण कित्येकांचे सांगाडे जोडलेलेच राहिले. कारण गाळ बारीक आणि पाणी शांत. बेडकाला बहुधा वरच्याच जबड्यात दात असतात, आणि तेही इतके बारीक की वाहत्या पाण्यात कुठल्या कुठे गेले असते. म्हणजे दात जबड्यात राहिला की नाही, ही त्या जागेचीही साक्ष असते: पाणी वाहतं होतं की थांबलेलं, पुरलं लवकर गेलं की उशिरा. आज वरळीचे ते थर बहुतेक इमारतींखाली आहेत. तिथून काढलेल्या नमुन्यांसोबत जे लिहून ठेवलं गेलं, त्यावरच आपली मदार.

जबडा काय जास्तीचं सांगतो?

पहिली गोष्ट, क्रम. कोणता दात कितवा, हे अनुमान राहत नाही, दिसतं. दुसरी, झीज. पहिली दाढ आधी उगवते म्हणून जास्त झिजते, तिसरी सगळ्यात कमी. हा उतार बघून जनावराचं वय काढता येतं. तिसरी, अजून न उगवलेले दात. माझ्या बोकडाच्या जबड्यात शेवटची दाढ हाडातच दडलेली होती. सुट्या दातांमध्ये ही गोष्ट कधीच कळली नसती.

हत्तीच्या बाबतीत तर जबडा म्हणजे जन्मदाखलाच. हत्तीला प्रत्येक अर्ध्या जबड्यात आयुष्यभरात सहा दाढा येतात, त्याही लालबागच्या दर्शनाच्या रांगेसारख्या मागून पुढे सरकत. पुढची झिजून पडते, मागची जागा घेते. जबड्यात कितवी दाढ चालू आहे आणि मागची किती पुढे आली, यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरजवळच्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांबद्दल पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं. तेव्हापासून गोदावरीच्या गाळावर काम चालू आहे, आणि अशा अवशेषांत दातांची जागा पहिल्यांदा बघितली जाते.

जबडा मिळाला तरी जपून

एक इशारा मात्र देते. हिमाचलमधल्या हरितल्यांगरजवळ १९३२ मध्ये जी. एडवर्ड लुईस यांना वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, दातांसकट. रामापिथेकस असं त्याला नाव दिलं गेलं. तुकडा एका बाजूचाच होता, मधला भाग नव्हता. पुढे काही अभ्यासकांनी तो मधला भाग कल्पनेने भरून दातांची कमान माणसासारखी गोल काढली, आणि रामापिथेकस बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत माणसाचा पूर्वज म्हणून वावरला. नंतर जास्त पूर्ण अवशेष मिळाले. १९८२ मध्ये पोटवार पठारावरच्या शिवापिथेकसच्या चेहऱ्याचं वर्णन आलं, तो ओरँगउटानशी मिळताजुळता निघाला. आज रामापिथेकस हा शिवापिथेकसमध्येच धरतात. जेवढे दात जागेवर होते तेवढं ज्ञान खरं होतं. चूक झाली ती रिकाम्या जागेत. म्हणून वहीत ‘काय आहे’ इतक्याच ठळकपणे ‘काय नाही’ हेही लिहा.

मग करायचं काय?

१. हात लावण्याआधी फोटो. पट्टी ठेवून, उत्तर दिशा दाखवून, चारही बाजूंनी. प्रत्येक दात दिसेल असा एक फोटो जवळून. वहीत दातांचा साधा आराखडा काढा आणि त्यांना क्रमांक द्या.

२. पाणी नाही. ब्रशही मऊ आणि कमी. ओला जबडा एकदम उन्हात ठेवू नका, सावलीत सावकाश वाळू द्या. चिकणमाती पटकन आकसली की खोबण उकलते.

३. वाळल्यावर, दात हलत असेल तर ॲसिटोनमध्ये पातळ केलेलं पॅरालॉइड बी-७२ थेंबाथेंबाने मुळाशी सोडा. ओल्या नमुन्यावर ते पांढरं पडतं आणि नीट मुरत नाही. ज्या दाताचं रासायनिक विश्लेषण करायचं आहे, तो मात्र आधी ठरवून कोरा ठेवा.

४. नाजूक जबडा मातीच्या ढेकळासकट काढा. वर ओल्या टिश्यू पेपरचा थर, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. प्लास्टरचं प्रमाण मी पुस्तकातून शिकले, पण हात बसला तो लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, आणि ते दह्यासारखं झालं की थांबायचं नाही. मूर्तीच्या पातळ कवचाला ते काथ्याने बळ देतात, आपण गोणपाटाने. काम तेच.

५. जवळ पडलेला सुटा दात वेगळ्या पिशवीत, वेगळ्या क्रमांकाने, जबड्यापासूनचं अंतर आणि दिशा लिहून. ‘याचाच असणार’ हे तुमचं मत आहे, ते शेऱ्यात लिहा. लेबलवर नको.

६. चाळणीसाठी माती धुण्याआधी ढेकळं फोडून पृष्ठभाग बघा. छोटे जबडे चाळणीतच मोडतात आणि मग आपणच सुटे दात तयार करतो.

७. लॅबमध्येही सगळा गाळ काढायची घाई नको. मायक्रो-सीटी स्कॅन मिळत असेल तर मुळं आतल्या आत दिसतात.

आणि हे सगळं जागामालकाची, संस्थेची आणि जिथे लागेल तिथे सरकारी परवानगी हातात असतानाच.

तयारीसाठी फील्डची वाट बघायची गरज नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी परवानगी घेऊन जनावरांचे जबडे बघा, तेही जमलं नाही तर मुंडी आणा. दहा जबडे हाताळल्यावर डोळा तयार होतो.

त्या तीन दाढांचं काय झालं? झीज, रंग, एकमेकींना घासून झालेल्या खुणा, सगळं तपासलं. एक दाढ बहुधा याच जबड्याची. दुसरीसाठी उरलेल्या दोघींमध्ये निकाल लागत नाही. दाढांच्या ओळीची लांबी हे माप मला प्रबंधाच्या तक्त्यात भरायचं होतं. तो रकाना या नमुन्यापुढे रिकामा आहे आणि तळटीपेत कारण लिहिलं आहे. गाईड म्हणाले, कारण खरं लिहिलंस, ते राहू दे.

मागच्या हिवाळ्यात त्याच खोऱ्यात दुसरा जबडा मिळाला, चार दाढांचा. तो उचलायला मला पूर्ण दिवस लागला. अजून तो प्लास्टरमध्येच आहे, खोबणीतल्या गाळासकट.