विचारून खावे, बोलावून खाऊ घालावे

थोरल्या मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आम्ही चौघे कल्याणहून ठाण्याला जेवायला गेलो. हॉटेल तिनेच निवडले होते. मैत्रिणींकडून ऐकलेले, मॉलमधले, काचेच्या दारांचे. मेनूकार्ड हातात आल्यावर मी सवयीने वेटरकडे वळले, तेवढ्यात तिने टेबलाखालून माझा हात दाबला. "अम्मी, विचारू नकोस ना. सगळे बघतात."

मी विचारले नाही. सगळ्यांसाठी पनीर आणि रोटी मागवली. तिला आवडणारे चिकन सिझलर धूर सोडत शेजारच्या टेबलावर गेले आणि ती ते बघत राहिली. बिल मात्र पूर्ण मेजवानीचे आले. परतीच्या लोकलमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. रात्री माझे मिस्टर एवढेच म्हणाले, "विचारले असते तर एका मिनिटाचे काम होते."

ते एक मिनिट माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेले नाही. वर्गात मी मुलांना सांगते, की जे समजले नाही ते विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. आणि माझीच मुलगी "यात मांस हलाल आहे का?" या साध्या प्रश्नाला लाजत होती.

प्रत्येक स्टेशनची चव वेगळी

माझे माहेर रायगड जिल्ह्यातले, सासर कल्याणचे. मुंब्र्याच्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात मी मराठी शिकवते. पहाटे पाचला उठून चार डबे भरायचे आणि स्लो लोकल पकडायची, हा माझा रोजचा क्रम. त्यामुळे महिन्यातून एकदा बाहेर जेवायचे, हे आम्ही ठरवून टाकले आहे. नात्यातल्या एक-दोन वडीलधाऱ्या बायकांना हा सुनेचा आळस वाटतो. माझे म्हणणे असे, की एका रविवारी चुलीला सुट्टी मिळाली तर दुसऱ्या रविवारी निवांत, वेळखाऊ काही करायला हुरूप येतो. मेगाब्लॉक नाही ना एवढे मात्र निघण्याआधी बघून घ्यावे लागते!

आपला हा पट्टा खाण्याच्या बाबतीत श्रीमंत आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्या वर्षी, 1 मे 1854 रोजी, ती कल्याणला पोचली. ठाणे ते कल्याण अंतर जेमतेम 20 किलोमीटर, पण दर स्टेशनाला चव बदलते. ठाण्यात तहसील कचेरीलगतची मामलेदार मिसळ 1946 पासून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणते आहे. तिथे तिखट किती हवे ते आधीच सांगायचे. माझ्या मुलाने फुशारकीने सगळ्यात तिखट मागवली आणि नंतर नुसता पाव खाल्ला. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रे आहेत. नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांची संध्याकाळ त्यांनी सोपी केली आहे. कल्याणचा खिडकी वडा वझे कुटुंबाच्या घराच्या खिडकीतून विकला जाऊ लागला, म्हणून त्याचे नावच तसे पडले. आणि रमजानमध्ये तरावीहनंतर मुंब्रा-कौसा किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर जा. कबाब, मालपुवा, फिरनी यांच्या वासाने रोजा सोडूनही पुन्हा भूक लागते.

या यादीकडे नीट पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मिसळ, वडा, पोळी-भाजी इथे मांसाचा प्रश्नच येत नाही. मुंब्र्यात आणि दूधनाक्यावर प्रश्न विचारावा लागत नाही. म्हणजे विचारायला लाजणारे कुटुंब शेवटी दोनच ठिकाणी जाते, एक तर पूर्ण शाकाहारी, नाही तर पूर्ण आपल्या मोहल्ल्यातले. मधले सगळे शहर त्याच्यासाठी बंद. आणि ते बंद करणारे कोणी दुसरे नसते, आपला संकोच असतो.

काय आणि कसे विचारावे

आता आम्ही काही गोष्टी पाळतो. वाचकांनाही त्या उपयोगी पडतील.

निघण्याआधी फोन करावा. टेबलावर बसून, मुलांना भूक लागलेली असताना चौकशी करणे अवघड जाते. फोनवर दोन वाक्यांत काम होते आणि उत्तर नकारार्थी असेल तर दुसरीकडे जाता येते.

पाटी नीट वाचावी. महामार्गावर 'फॅमिली रेस्टॉरंट' अशा मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत 'परमिट रूम' लिहिलेले असते.

नुसते "हलाल है ना?" असे विचारले, की वेटर "हाँ हाँ" म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा "मटण-चिकन कुठून येते?" असे विचारावे. खरे सांगणारा दुकानाचे किंवा पुरवठादाराचे नाव सांगतो, माहीत नसेल तर आत जाऊन विचारून येतो. काही चिनी आणि इटालियन पदार्थांच्या सॉसमध्ये वाइन घालतात, तेही विचारून घ्यावे.

पाकिटबंद खाऊवरच्या खुणांचा अर्थ मुलांना शिकवावा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी खूण म्हणजे मांसाहारी. तपकिरी खूण पदार्थ हलाल आहे की नाही ते सांगत नाही. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून बनते, हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसते. खाद्यपदार्थ विकणाऱ्याचा परवाना किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा लागतो. तोही बघण्याची सवय लावावी. हलालइतकीच स्वच्छताही महत्त्वाची.

आणि विचारताना आवाज साधा ठेवावा. तक्रारीचा नको, कुजबुजीचाही नको. पाणी मागतो तसे विचारावे.

फोनवरचा प्रश्न

हे सारे मी मुलीला समजावत होते, पण तिला पटले ते माझ्या बोलण्याने नव्हे. बीएडच्या वर्गातली माझी एक जुनी मैत्रीण डोंबिवलीत राहते. ईदचा शीरखुर्मा तिच्या घरी दरवर्षी जातो, दिवाळीचा फराळ आमच्याकडे येतो. पण पूर्ण जेवायला ती कधी आली नव्हती. एका रविवारी मी तिला सहकुटुंब बोलावले. तिचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, म्हणून स्पीकर लावला. ती सरळ म्हणाली, "अगं, आमच्याकडे अंडेसुद्धा चालत नाही. आणि भांडी वेगळी असतील ना? राग मानू नकोस हं, आधीच विचारलेले बरे."

मी म्हटले, "राग कसला? नवे पातेले काढते."

फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, "त्यांना विचारताना लाज नाही वाटली?"

"तुला राग आला का त्यांचा?"

"नाही. उलट बरे झाले, आपल्याला कळले काय करायचे ते."

मी पुढे काही बोलले नाही. उपवासवाला साबुदाण्यात काय घातले ते विचारतो, जैन कांदा-लसूण विचारतो, मधुमेहवाला साखर विचारतो. आपल्या शहरात रोज हजारो लोक जेवणाआधी काही ना काही विचारतात. आमचाही प्रश्न त्यातलाच एक.

जे हॉटेलात मिळत नाही

पाहुणे शाकाहारी, मग करायचे काय? मुलीने भाबडेपणाने विचारले, "अम्मी, आपल्याकडे शाकाहारी असे काय असते?" हा प्रश्न मला त्या हॉटेलातल्या प्रसंगापेक्षाही जास्त लागला. चूक तिची नव्हती. बाहेर 'मुस्लिम खाणे' या नावाखाली तिला बिर्याणी, तंदुरी आणि अलीकडे शोरमा-मंदी एवढेच दिसते. माझ्या नानीच्या चुलीवरचे तांदळाचे घावन, वालाचे बिरडे, नारळाच्या दुधातले बटाट्याचे कालवण, सांदण हे कोकणी मुसलमानाच्या घरातले जेवण मला आमच्या पट्ट्यातल्या कोणत्याही हॉटेलच्या मेनूकार्डावर आढळलेले नाही. ते घरातून गेले तर विकतही मिळणार नाही.

2025 च्या 15 ऑगस्टला मांसविक्रीची दुकाने 24 तास बंद ठेवण्याचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढला, तेव्हा केवढा वाद झाला ते सर्वांना आठवत असेल. कोणी काय खावे हे दुसऱ्याने ठरवू नये, असे माझेही मत आहे. पण त्या दिवसांत ओळखीच्या एका भल्या माणसाने खऱ्या काळजीने मला विचारले, "मग त्या दिवशी तुम्ही जेवणार काय?" मला हसू आले आणि वाईटही वाटले. आठवड्यातले निम्मे दिवस आमच्याकडे वरण-भात आणि भाजीच असते. हे त्यांना कसे कळणार? आमच्या घरी जेवायला ते कधी आलेच नव्हते, आणि मीही त्यांना कधी बोलावले नव्हते.

त्या रविवारी घरातले सगळे कामाला लागले. मिस्टरांनी नारळ खवले, मुलाने वाल सोलले. हुजूर (स.) घरकामात हातभार लावत असत, हे आपण मुलांना तोंडपाठ करून देतो, कधी तरी विळीही पुढे सरकवावी! सांदण मुलीने केले, मी फक्त शेजारी उभी होते.

मैत्रिणीने वाटीतले सांदण चमच्याने तोडले, तोंडात घातले आणि थबकली. "अगं, हे तर आमचे! माझी आजी फणसाच्या रसात करायची." तिचे आजोळ कोकणातले. मग दोघी आपापल्या आजीच्या चुली आठवत बसलो. माझ्या मुलीने वही आणली आणि दोन्ही कृती समोरासमोर लिहून घेतल्या. जाताना मैत्रीण म्हणाली, "खरे सांगू? मला वाटले होते, तू आमच्यासाठी व्हेज बिर्याणी करशील."

रस्सा करताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही शिकवण आपल्याला आहे. शेजाऱ्याला तो रस्सा चालत नसेल तर त्याला चालेल असे दुसरे काही करावे, एवढा अर्थ मी त्यातून घेते.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो, वेगळ्या हॉटेलात. फोन करायचा राहून गेला होता. मेनूकार्ड आले. मी गप्प बसले. मुलीने वेटरला विचारले, "भैया, चिकन कहाँ से आता है? हलाल है क्या?" तो आत गेला, परत आला आणि म्हणाला, "मॅडम, पक्का नहीं बोल सकता." तिने त्याचे आभार मानले आणि मशरूमचे सिझलर मागवले.

धूर सोडत ते आमच्या टेबलावर आले. तिने हळूच आजूबाजूला नजर टाकली. जो तो आपापल्या ताटात बघत होता.

सांदण

साहित्य : इडली रवा 2 वाट्या, शिजवलेला भात अर्धी वाटी, नारळाचे घट्ट दूध 1 वाटी, साखर अर्धी वाटी, कोरडे यीस्ट 1 छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची पूड.

कृती : रवा धुऊन दोन तास भिजवावा. भात नारळाच्या दुधात बारीक वाटून, पाणी निथळलेल्या रव्यात मिसळावा. कोमट पाण्यात विरघळवलेले यीस्ट, साखर आणि मीठ घालून इडलीच्या पिठाइतके सैल करावे. झाकून उबदार जागी ठेवावे. पीठ फुगून वर आले, की वेलची घालून तूप लावलेल्या वाट्यांत अर्धे भरावे आणि साधारण 15 मिनिटे वाफवावे. गोड नारळाच्या दुधाबरोबर द्यावे. घरच्यांसाठी साखर कमी घालून कोंबडीच्या रश्शाबरोबरही छान लागते.