पुसणाऱ्याचा हात पोहोचणार नाही अशी नक्कल

मे २०२४ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या सहा लाखांहून अधिक लोकांना आपलं निवृत्तीच्या पुंजीचं खातं उघडता येईना. युनिसुपर हा तिथल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांसाठी उभा राहिलेला फंड. त्याच्याकडे तेव्हा सांभाळायला सुमारे १२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर होते. पैसा जागेवर होता. तो दाखवणारी यंत्रणा गूगल क्लाउडवरून नाहीशी झाली होती. यात हल्लेखोर कोणी नव्हता. वर्षभरापूर्वी मांडणी करताना गूगलच्याच माणसांकडून एका अंतर्गत साधनातला एक रकाना रिकामा राहिला. साधनाने त्या जागी आपणहून एक वर्षाची मुदत धरली आणि मुदत भरताच सगळं पुसून टाकलं. युनिसुपरने खबरदारी म्हणून यंत्रणा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली होती. ती दोन्हीकडून गेली.

इतक्या मोठ्या संस्थेची ही गोष्ट पाच-दहा माणसांच्या धंद्याला तंतोतंत लागू पडते. मेलबर्न असो की पुणे, हिशेबनिसाच्या किंवा दवाखान्याच्या सर्व्हरमध्ये बहुधा दोन हार्ड डिस्क असतात आणि एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटतं. एक डिस्क जळाली तर दुसरी काम चालू ठेवते, ही मोठीच सोय. पण फाइल चुकून पुसली तर ती त्याच क्षणी दोन्हीकडून पुसली जाते. जोडीची डिस्क पहिलीची चूकही तितक्याच इमानाने उतरवून घेते. तिला बॅकअप समजणं धोक्याचं आहे.

युनिसुपर वाचलं, कारण त्यांनी आणखी एका पुरवठादाराकडे बॅकअप ठेवले होते. बातम्यांतून एवढीच गोष्ट जगभर फिरली. गूगलने नंतर दिलेल्या खुलाशात आणखी एक बाब आहे: गूगलच्याच साठवण सेवेत वेगळे ठेवलेले बॅकअपही शाबूत राहिले आणि त्यांचाही उपयोग झाला. म्हणजे नुसती कंपनी बदलली की भागलं, असा अर्थ काढणं घाईचं होईल. जिथे पुसण्याचा हुकूम पोहोचला नाही, ते वाचलं. तरीही सभासदांना पुन्हा खातं दिसायला आठवडा गेला.

हा हुकूम शत्रूच्या हातात पडला तर काय होतं, ते मेलबर्नच्या डिस्ट्रिब्यूट.आयटी या कंपनीने २०११ मध्ये सोसलं. छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळं आणि ईमेल सांभाळणं हा तिचा धंदा. ११ जूनला कोणीतरी आत शिरलं आणि सर्व्हरवरच्या माहितीबरोबर तिचे बॅकअपही पुसून गेलं. दहा दिवस तज्ज्ञ झटले. अखेर कंपनीने जाहीर केलं की ड्रॉट, हरिकेन, ब्लिझर्ड आणि सायक्लोन या चार सर्व्हरवरचं काहीही परत मिळणार नाही. ४,८०० संकेतस्थळं गेली. कंपनीही स्वतंत्र राहिली नाही; नेटरजिस्ट्री या दुसऱ्या कंपनीने ती ताब्यात घेतली. आपली माहिती सांभाळायला दुसऱ्याकडे दिली आणि निश्चिंत झालो, असं मानलेल्या कितीतरी लहान दुकानदारांना त्या आठवड्यात कळलं की स्वतःजवळ एक प्रत ठेवायला हवी होती.

इथे देहूची आठवण येते. इंद्रायणीच्या डोहातून तुकोबांच्या वह्या तरून वर आल्या ही भाविकांची श्रद्धा. दुसरी एक परंपरा सांगते की अभंग लोकांच्या तोंडी होते आणि संताजी जगनाडे यांनी ते पुन्हा लिहून काढले. बॅकअपच्या शास्त्रात याहून नेमका दाखला सापडणं कठीण. वह्या बुडवायला लावणाऱ्यांची सत्ता कागदापर्यंत होती. गावोगावच्या टाळकऱ्यांच्या कंठावर ती चालत नव्हती. प्रती वेगळ्या जागी होत्या, वेगळ्या माध्यमात होत्या, आणि ऐकून पुन्हा लिहून काढणारा माणूस हजर होता.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रं जपण्यासाठी सांगितलेला ३-२-१ चा नेम जवळपास तेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत जागेबाहेर. ऑस्ट्रेलियन सिग्नल्स डायरेक्टरेट या सरकारी संस्थेच्या सायबर सुरक्षेच्या आठ कलमांतही बॅकअप आहे. त्याच्या सर्वांत कडक पातळीवर तर बॅकअप सांभाळणाऱ्या माणसालाही ठरलेल्या मुदतीपर्यंत ते पुसता येऊ नयेत, अशी अपेक्षा आहे. छोट्या कचेरीत याचा साधा अवतार म्हणजे आलटूनपालटून वापरायच्या दोन बाहेरच्या डिस्क: एक जोडलेली, दुसरी काढून घरी नेलेली.

मग प्रश्न उरतो वेगाचा, आणि इथे क्लाउडच्या जाहिराती गप्प असतात. समजा सर्व्हरवर एक टेराबाइट माहिती आहे आणि इंटरनेटचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट. ती सगळी परत उतरवायला, एकदाही खंड न पडता, ४४ तास लागतात. सोमवारी सकाळी सर्व्हर बसला तर दुकान बुधवारी उघडेल. म्हणून मालकाने दोन आकडे आधी ठरवायला हवेत: किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तरी चालेल, आणि किती तास बंद राहिलं तरी धंदा टिकेल. पहिल्यावरून बॅकअप किती वेळा घ्यायचा ते ठरतं, दुसऱ्यावरून तो कुठे ठेवायचा ते. बिलं आणि हिशेब आधी, जुने फोटो मागाहून, असा क्रम लावला तर ४४ तासांचे दोनही होऊ शकतात.

पण बॅकअप घेतला म्हणजे तो वेळेला चालेलच असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत थकलेल्या अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐनवेळी एकही धड चालली नाही. कोणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं, आणि मंद डिस्कवरून ती उतरवण्यातही तासन्‌तास गेले. रोज हिरवी खूण दाखवणाऱ्या बॅकअपवर आंधळा भरवसा ठेवू नये, याला इतका पुरावा पुरे.

तुमच्याकडे सर्व्हर असेल तर या शनिवारी एक काम करा. दोन महिन्यांपूर्वीचं एखादं बिल निवडा, सर्व्हरला हात न लावता ते बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर आणा, उघडून पाहा आणि किती मिनिटं लागली ते कागदावर लिहा. उघडलं नाही तर सोमवारी आधी ते दुरुस्त करून घ्या. सर्व्हर चालू आहे तोवरच ते जमेल.